वाचण्याआधीचं थोपटणं

माझी आई घाबरली की स्वतःलाच थोपटायची. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात भाताच्या रोवणीच्या दिवसांत बायांची टोळी चिखलाच्या बांधीवर पोचायची आणि मालक सकाळीच "आज हे सारं संपलं पाहिजे" म्हणून फर्मावून जायचा. बाकीच्या बाया त्याच्या पाठीमागे त्याला शिव्या घालायच्या. आई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहायची. उजव्या हाताची दोन बोटं आधी कपाळावर, मग डोळ्याखालच्या हाडावर, मग गळ्याच्या हाडाखाली, शेवटी डाव्या तळहाताच्या कडेवर. टप टप टप. तोंडानं हळूच, "होते व बाई, होते." एवढं झालं की पदर खोचून चिखलात उतरायची आणि संध्याकाळपर्यंत मान वर करायची नाही.

आजीच्या काळात आमच्या घरात गंडे होते, अंगारे होते, कोंबडं कापणं होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर ते सगळं गेलं. आई म्हणायची, "दोरे त तोडले, पन भेव का दोऱ्यासंगं निंगून गेलं? त्याचं काईतरी करा लागते ना." मी चार बुकं शिकलेली, मी तिला म्हणायची की हा पण एक मंतरच झाला. त्यावर ती चिडायची. "मंतर कायचा? लेकरू रडलं त थोपटतेस का नाई? मंग आपल्या जिवाले काऊन नाई थोपटाव?"

ब्रह्मपुरीला डी.एड. करताना पहिल्या सराव-पाठाला माझी वाचा बसली. चाळीस पोरं समोर, मागे बाकावर परीक्षक, आणि माझ्या घशातून आवाजच निघेना. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले, भिंतीआड उभी राहिले आणि हात आपोआप कपाळाकडे गेला. आत आले ती घडाघडा बोलले. त्या दिवसापासून मी थोपटू लागले, पण लपून. शिकलेली मुलगी, त्यात आमच्या समाजातली, आणि असले प्रकार करते म्हटल्यावर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. आई बांधीवर साऱ्यांसमोर करायची आणि मी संडासात कडी लावून करायची. एवढाच माझ्या शिक्षणाचा फरक.

नोकरी लागली ती एटापल्लीच्या आत, जंगलात. बस एका फाट्यावर सोडायची, तिथून दोन तास पायी. समोर सूरजागडचे डोंगर, मध्ये नाला, नाल्याच्या पलीकडे तीसेक घरं. माणसं माडिया आदिवासी. शाळा म्हणजे कुडाच्या भिंतींची एक खोली, वर गवत. हजेरीपटावर एकोणीस नावं. माझ्या आधीचे गुरुजी महिन्यातून दोनदा येत आणि सही करून जात, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मुलांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, मला माडियाचं. गावात दोन्ही भाषा बोलणारी एकच बाई होती. ती शाळेचं पाणी भरायची. तिचं माहेर आष्टीकडचं, म्हणून मराठी चांगली.

जुलैत शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण थकलेला आणि चिखलानं माखलेला होता. त्यांनी एकेका पोराला उठवलं. कोणी तोंड उघडलं नाही. जाताना मला म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर माझा राग नाई. पन हे शाळा कागदावरच चालून राह्यली, असं वरती साऱ्यांले वाटते. दिवाळीनंतर मी येतो. एक तरी पोट्टं मले मराठी पुस्तकातलं एक पान वाचून दाखवन, त शाळा राहीन. नाई त मी बंद करा म्हणून लिहून देईन. पोरं मंग पलीकडच्या शाळेत जातीन." पलीकडची शाळा तीन कोस लांब आणि मध्ये पावसाळी नाला. जातीन म्हणजे जाणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

एक पोर, एक पान. मी म्हटलं, त्यात काय! चार महिने आहेत. दगडालाही पाझर फुटतो.

काय सांगू, फुटला नाही.

माझा दिवस असा असायचा. आधी हजेरी, मग मोहाच्या बिया घेऊन मोजणी, मग पाटीवर अक्षरं. इथवर सगळं ठीक. पोरं हुशार होती, अक्षरं हां हां म्हणता गिरवायची. पण वाचनाचं पुस्तक हातात घ्यायची वेळ आली की माझा धीर सुटायचा. एकोणीस जोडी डोळे माझ्या तोंडाकडे, आणि आपण जे बोलतोय त्यातलं ह्यांना काही कळतं की नाही, काही पत्ता नाही. मग मी पुस्तक टेबलावर ठेवायची आणि शाळेच्या मागे, भिंतीपासून चार पावलांवर मोहाचं झाड होतं, तिथे बुंध्याला पाठ टेकून शाळेकडे तोंड करून उभी राहायची. कपाळ, डोळ्याखाली, गळ्याखाली, तळहाताची कडा. "होते व बाई, होते." मग आत येऊन मोठ्यानं वाचायची. मला वाटायचं, मी कोणाला दिसत नाही. उन्हातून पाहिलं तर कुडाच्या फटीतून आत नुसता अंधार दिसायचा. आतून बाहेरचं लख्ख दिसतं, एवढी साधी गोष्ट डी.एड. झालेल्या बाईच्या डोक्यात आली नाही.

माझं वाचून झालं की मी एकेकाला म्हणायची, आता तू. आणि इथं सगळं अडायचं. ज्याला उठवावं तो करंगळी वर करायचा. म्हणजे बाहेर जायचं आहे. दुसऱ्याला उठवावं, त्याचीही करंगळी. तिसरीची करंगळी. सकाळपासून बसलेली पोरं, कोणाला काही नको असायचं, आणि वाचनाचं नाव काढलं की साऱ्यांनाच घाई! माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी म्हणायची, "खाली बस. आधी वाच, मग जा." ते मुकाट खाली बसायचं. पण वाचायचं काही नाही. तोंडाला कुलूप.

मग मला रडू यायचं. मग मी पुन्हा मोहाखाली. थोपटून पुन्हा आत, पुन्हा तेच पान वाचणं, पुन्हा करंगळ्या. दिवसातून दोनदा जायची ती चारदा जाऊ लागले. काम जितकं अडलं तितकं मी जास्त थोपटलं. गळ्याच्या हाडाखाली माझं लाल झालं होतं, खोटं नाही सांगत.

त्यांच्यात एक मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची, केस तेलानं चप्प बसवलेले. तिच्या बापानं तिला स्वतःहून आणून सोडलं होतं. तो बांबू तोडायला बाहेर जायचा, थोडी हिंदी-मराठी जाणायचा. मला म्हणाला होता, "इसको पढना है. घर में कोयल्यानं भिंतीवर कायबाय काढते." खरंच ती सगळ्यांत पुढे होती. पाटीवर माझ्या आधी अक्षर लिहून मोकळी व्हायची. माझी सगळी भिस्त तिच्यावर होती. साहेबांना जे एक पोर दाखवायचं, ते हेच.

आणि करंगळीसुद्धा सगळ्यांत जास्त तिचीच वर. श्रावणातला एक दिवस होता, दोन दिवस संततधार लागली होती. मी तिला वाचायला उठवलं, तिनं करंगळी वर केली. खाली बसवलं. पुन्हा उठवलं, पुन्हा करंगळी. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी ती परवानगीची वाट न बघता दाराकडे चालायलाच लागली, पुस्तक हातात घेऊन. मी तिचा दंड धरला आणि फाडकन एक कानाखाली दिली.

 ती रडली नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर खाली केली. सुट्टी झाल्यावर ती पुस्तक घेऊन घरी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. पाणी भरणारी बाई म्हणाली, "त्यांच्यात लेकरायले कोनी मारत नाई, बाई. बापानंबी कदी हात लावला नाई तिले." मी फणकाऱ्यानं म्हटलं, मग शिकतील कशी? आतून मात्र हादरले होते. तिच्या घरी जायचं दर आठवड्याला ठरवायची आणि जायची नाही. मास्तरीण पोरीच्या पाया पडायला चालली, असं गाव म्हणेल, हा माझा ताठा.

त्यानंतर मात्र एक झालं. वर्गात कोणीही करंगळी वर केली नाही. वाच म्हटलं की उभं राहायचं, पायाच्या अंगठ्याकडे बघायचं, बस म्हटलं की बसायचं. मला वाटलं, चला, शिस्त तरी लागली.

पोळ्याला घरी गेले तेव्हा आईवर डाफरले. म्हटलं, "तुझ्या थोपटण्यानं काही होत नाही. दोन-अडीच महिने झाले, एक पोट्टं वाचत नाही." आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "थोपटल्यानं जीव थाऱ्यावर येते, काम नाई होत. जीव थाऱ्यावर आला का मंग डोळे उघडून पाहा लागते, कुठी अडून राह्यलं ते. तू पाह्यलं का?" मी म्हटलं, मी दुसरं काय करते दिवसभर? ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. तिचं बोलणं मला तेव्हा अडाण्याचं वाटलं.

दिवाळी झाली. धान कापणीला आलं, पोरं शेतात जाऊ लागली, तरी साहेब येणार म्हणून मी घरोघर फिरून अठरा जणांना गोळा केलं. एका घरावरून मात्र मान खाली घालून पुढे गेले. साहेब आले, पाणी प्यायले, कुडाच्या भिंतीला लागून खुर्चीवर बसले. त्यांच्यासमोर मोहाखाली जायची सोय नव्हती.

त्यांनी पुढच्या रांगेतल्या एका मुलीला पुस्तक दिलं. "वाच व बाई." ती उभी राहिली. पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. संपलं, मी मनात म्हटलं, शाळा बुडाली. इतक्यात तिनं साहेबांकडे पाहिलं, नवा माणूस, ह्याला इथला नियम ठाऊक नसेल असं वाटलं असावं, आणि हळूच करंगळी वर केली. मी डोळे वटारणार, तोच साहेब म्हणाले, "जा, जाऊन ये."

ती पुस्तक खाली ठेवून गेली. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब सहज भिंतीच्या फटीकडे वळले आणि वळलेलेच राहिले.

"मॅडम, इकडे या. हे काय करून राह्यली?"

मी वाकून फटीला डोळा लावला.

मोहाच्या झाडाखाली ती पोरगी उभी होती. बरोबर मी उभी राहते त्याच जागी, पाठ तशीच बुंध्याला टेकलेली. उजव्या हाताची दोन बोटं कपाळावर. मग डोळ्याखाली. मग गळ्याखाली. मग तळहाताची कडा. ओठ हलत होते. आणि झाड इतकं जवळ की स्पष्ट ऐकू आलं, माझ्या आईच्या बोलीत, माझ्या आईच्या हेलात: "होते व बाई, होते."

 मी भिंतीचा बांबू धरला. अगं बाई, हे काय! कोणी शिकवलं हिला? मी तर कधीच नाही शिकवलं!

ती आत आली, पुस्तक उचललं आणि वाचायला लागली. एक ओळ, दोन ओळी. पान संपलं, तर तिनं उलटलं. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, सगळं माझ्यासारखं. माझी खोकण्याची सवयसुद्धा तिनं एका जागी आणली. साहेबांचा पेन हातातच राहिला. ती बसली नाही तोच दुसऱ्याची करंगळी वर. साहेब म्हणाले, जा. तो गेला, थोपटून आला, वाचलं. तिसरी, चौथा. अठरा जण, एकामागून एक, मोहाखाली जाऊन आले आणि माझ्या समोर मराठी वाचत सुटले. त्यात एकही अडला नाही. मी खाली बसले ती बसलेच. आनंद व्हायला हवा होता ना? मला दरदरून घाम फुटला होता.

साहेब म्हणाले, "हे काय प्रकरन हाय?" मी खरं ते सांगून टाकलं. लपवायला काही उरलंच नव्हतं. आईचं, धुऱ्याचं, डी.एड.चं, सगळं. ते हसले नाहीत. त्यांनी पाणी भरणाऱ्या बाईला बोलावलं आणि पोरांना विचार म्हणाले, बाहेर काऊन जावं लागते?

पोरं एकदम बोलायला लागली. त्यांच्या भाषेत ती इतकं बोलतात, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. ती बाई ऐकत राहिली, माझ्याकडे बघेना. मग म्हणाली, "बाई, पोरं म्हंतेत का, तुमाले मराठी दुखते. बुक हाती घेतलं का तुमाले दुखते, म्हनून तुमी मांगं जाऊन दुखनं मारून येता, मंग वाचता. एवढ्या मोठ्या बाईले दुखते, त आपल्याले किती दुखन! म्हनून आमीबी आधी मारून यावं म्हनून इचारत होतो. पन तुमी जाऊ देत नोयत्या."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. पोरांना कधीचंच वाचता येत होतं. मी रोज त्यांना दाखवलं की वाचण्याआधी बाहेर जावं लागतं, आणि रोज त्यांना बाहेर जाऊ दिलं नाही. अडलं कुठं, तर माझ्यापाशी. मी दाराच्या मध्ये उभी होते आणि पोरं येत नाहीत म्हणून रडत होते.

साहेबांनी वहीत लिहिलं, वाचन समाधानकारक, शाळा चालू ठेवावी. सही केली. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाले, "उद्यापासून साऱ्यांसमोर करा, मॅडम. लपवलेलं लेकरायले लवकर दिसते." मी मान हलवली. शाळा वाचली होती. पोरं नाल्याकडे पळाली.

मी हजेरीपट मिटायला घेतला आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. श्रावणातली ती पोरगी, चार वेळा करंगळी. पुस्तक हातात घेऊन दाराकडे निघालेली. ती टाळत नव्हती. तिला वाचायची घाई झाली होती. सगळ्यांत आधी तीच तयार झाली होती, आणि मी तिच्या कानाखाली दिली होती.

त्याच दुपारी मी पाणी भरणाऱ्या बाईला घेऊन तिच्या घरी गेले. ताठा-बिठा सगळा गळाला होता, धावतच गेले म्हणा ना. अंगणात बाप धानाच्या पेंढ्या रचत होता. ती पोरगी उंबऱ्याजवळ बसून बांबूच्या कामट्या तासत होती. मला पाहून उठली नाही. मी तिच्यापुढे खाली बसले, दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले आणि म्हटलं, "माझं चुकलं. मला समजलं नाही. मी मारायला नको होतं." मला रडू आवरेना. बाईनं ते माडियात सांगितलं. बाप हातातली पेंढी घेऊन तसाच उभा राहिला.

पोरगी माझ्या कानांकडे बघत राहिली. मग उठून आत गेली. मला वाटलं, गेली, आता नाही येत. पण ती बाहेर आली, हातात शाळेचं पुस्तक. फडक्यात बांधून ठेवलं होतं, एकही कोपरा दुमडलेला नव्हता. तिनं शेवटचा धडा उघडला. तो धडा मी शाळेत अजून कोणालाही शिकवला नव्हता, मधली दहा पानं बाकी होती.  मी तिच्या हाताकडे बघत होते, आता कपाळाकडे जाईल, मग डोळ्याखाली. हात पुस्तकावरून हलला नाही. तिनं कपाळाला बोट लावलं नाही, पुटपुटली नाही, कुठंही गेली नाही. माझ्या डोळ्यांत सरळ बघून तिनं पहिलं वाक्य वाचलं आणि मग खाली बघून शेवटपर्यंत, मोठ्यानं, एका दमात. एक-दोन शब्द तिनं तिच्या पद्धतीनं म्हटले, आणि ते मला जास्त बरोबर वाटले.

धडा संपला. तिनं पुस्तक मिटलं, फडकं नीट गुंडाळलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

मी घाईघाईनं म्हटलं, "उद्यापासून ये. बाहेर जा, आत ये, तुला वाटेल तसं कर. ये फक्त." बाईनं सांगितलं. पोरगी एकच वाक्य बोलली आणि पुन्हा कामट्यांपाशी जाऊन बसली.  मी बाईला हलवलं, काय म्हणाली, सांग ना!

"म्हंते का," बाई म्हणाली, "झालं वाचून."

मी त्या शाळेत आणखी दोन वर्षं होते. ती परत आली नाही.